नियम की मागणी? : शैलीपत्रकांच्या एका जुन्या वादाविषयी

पाठचिकित्सेच्या तासाला आपण लिपिकारांच्या चुकांविषयी फार आत्मीयतेने बोलतो. कुणाची नजर एका ओळीवरून तशाच शब्दाने संपणाऱ्या खालच्या ओळीवर घसरली, कुणी समासातली टीप मूळ मजकुरात ओढून घेतली, कुणी न कळलेला शब्द सोपा करून टाकला, हे सगळे आपण उदाहरणे देऊन शिकवतो. तोच ग्रंथ संगणकावर आणायची वेळ आली की मात्र खूणभाषेत मजकूर टंकून दिल्यावर आपले काम संपले, पुढचे सारे 'तांत्रिक', अशी आपली समजूत असते. तो मजकूर ज्या आज्ञावलीतून गाळला जाऊन वाचकाच्या पडद्यावर उतरतो, तीही एक लिपिकारच आहे. तिच्याही चुकांच्या जाती ठरलेल्या आहेत. त्यांपैकी एका जातीवरून प्रोग्रामर मंडळींत गेली पंचवीस वर्षे वाद चालू आहे, आणि त्या वादात साहित्याच्या अभ्यासकाने तटस्थ राहू नये असे मला वाटते.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एक्सएमएल ही खूणभाषा १९९८ साली प्रमाणित झाली. मजकुराच्या कोणत्या भागाला काय म्हणायचे हे ती सांगू देते. तो भाग दिसावा कसा, हे सांगत नाही. साहित्यकृतींसाठी कोणत्या खुणा वापराव्यात याचा विचार त्याच्याही आधी सुरू झाला होता. १९८७ साली अमेरिकेतल्या व्हॅसार महाविद्यालयात भरलेल्या बैठकीतून टीईआय हा उपक्रम निघाला, आणि त्याची सध्या चालू असलेली पाचवी आवृत्ती २००७ साली आली. कडवे, ओळ, भाषण, पात्राचे नाव, रंगसूचना, पाठभेद, पुसट अक्षर, मूळ प्रतीतला मुद्रणदोष आणि त्याची दुरुस्ती, या सगळ्यांसाठी त्यात स्वतंत्र खुणा आहेत. आता एवढ्या खुणा केलेल्या मजकुराचे वाचनीय पान करायचे तर मधे दुभाषा हवा. ते काम एक्सएसएलटी ही भाषा करते. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रमाणित झाली. या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीला शैलीपत्रक म्हणतात. नाव काहीसे फसवे आहे. त्यामुळे हा केवळ ठसठशीत अक्षरांचा आणि समासाच्या रुंदीचा मामला आहे असे वाटते. वास्तविक शैलीपत्रक मजकुराची पुनर्रचना करते, आणि पुनर्रचनेत काय टिकले व काय गळले हा संपादनाचाच प्रश्न आहे.

शैलीपत्रक लिहिण्याच्या दोन रीती आहेत. इंग्रजीत त्यांना पुल आणि पुश म्हणतात. मी त्यांना मागणीची रीत आणि नियमांची रीत म्हणेन. मागणीच्या रीतीत आज्ञावली वरून खाली हुकूम सोडत जाते: पहिला अंक घे, त्यातला प्रत्येक प्रवेश घे, प्रवेशातले प्रत्येक भाषण घे, भाषणातले पात्राचे नाव छाप, मग गद्य छाप. यासाठीची आज्ञा म्हणजे 'फॉर-ईच'. नियमांच्या रीतीत असे हुकूम नसतात. तिथे सुटे सुटे नियम असतात: भाषण भेटले तर असे कर, रंगसूचना भेटली तर तसे कर, पद भेटले तर ओळी तोडून मांड. मजकूर त्याच्या स्वतःच्या क्रमाने येत राहतो आणि ज्या खुणेला जो नियम लागू तो चालवला जातो. इथली मुख्य आज्ञा 'अप्लाय-टेम्प्लेट्स', म्हणजे 'आत जे काही असेल त्याला त्याचे त्याचे नियम लाव'.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. पहिल्या रीतीत यजमान हातात यादी घेऊन दारात उभा आहे आणि एकेक नाव पुकारून आत घेतो आहे. ज्याचे नाव यादीत नाही तो बाहेरच राहतो, आणि आत जेवणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या रीतीत पाहुणे येतील त्या क्रमाने बसतात, वाढपी ज्याला जे चालते ते वाढतो. आणि कुणी अनोळखी येऊन बसला तरी त्याच्या पुढ्यात निदान साधा भात पडतो. हा 'साधा भात' एक्सएसएलटीच्या घडणीतच आहे. एखाद्या खुणेसाठी तुम्ही नियम लिहिलाच नसेल तर अंगभूत नियम सांगतो की खूण सोडून दे, पण तिच्या आतला मजकूर पुढे जाऊ दे. सजावट जाते, शब्द राहतात.

मला या फरकाचे महत्त्व पुस्तकातून कळले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एका जुन्या संगीत नाटकाची संगणकीय प्रत तयार केली. खुणांची नावे मराठीतच ठेवली होती: 'भाषण', 'पात्र', 'गद्य', 'पद', 'सूचना'. (एक्सएमएलला देवनागरी नावे चालतात. टीईआयच्या कडव्या पुरस्कर्त्यांना ती चालणार नाहीत. त्यांचे म्हणणे रास्त आहे, पण तो वेगळा विषय.) शैलीपत्रक लिहून देणारा तरुण हुशार होता, व्यवसायाने प्रोग्रामर होता, आणि सगळे प्रोग्रामर जी भाषा आधी शिकतात तिच्या सवयीने त्याने वर्तुळात वर्तुळ अशी 'फॉर-ईच'ची उतरंड रचली. नांदी आणि सुरुवातीची पदे भाषणांच्या बाहेर होती. ती पडद्यावर नीट दिसली. आम्ही खूश झालो आणि पुढचे अंक वरवर चाळून प्रत मित्रमंडळींना वाचायला दिली.

पुढे एका विद्यार्थिनीने विचारले की दुसऱ्या अंकात नायिका 'हे गाणे कुणासाठी?' असे विचारते, पण नायक गातो कुठे? मूळ पुस्तकात नायकाच्या भाषणात आधी दोन वाक्ये गद्य, मग पद, मग पुन्हा गद्य होते. आमच्या शैलीपत्रकात भाषणाच्या आत फक्त 'गद्य' मागितले होते. पद मागितलेच नव्हते, म्हणून ते आले नाही. कुठे त्रुटीचा संदेश नाही, कुठे रिकामी जागा नाही. गद्याला गद्य नीट चिकटून बसले होते. भाषणाच्या पोटात असलेले प्रत्येक पद असेच गेले होते. संगीत नाटकातले बरेचसे संगीत आम्ही विनासायास काढून टाकले होते. आमच्या प्रतीवरून कुणी पदांची संख्या मोजली असती, गद्य-पद्याचे प्रमाण काढले असते, त्यावर निबंध लिहिला असता, तर त्या निबंधाचे खंडन करायला मूळ पुस्तक शोधून काढावे लागले असते. तशी पुस्तके किती ग्रंथालयांत आणि कोणत्या अवस्थेत असतात हे आपण जाणतो.

नंतर बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट सापडली. रंगसूचना छापण्यासाठी 'व्हॅल्यू-ऑफ' ही आज्ञा वापरली होती. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत या आज्ञेला एकापेक्षा अधिक घटक सापडले तर ती फक्त पहिल्याचा मजकूर देते, बाकीचे गुपचूप सोडून देते. ज्या भाषणात तीन रंगसूचना होत्या तिथे एकच उरली होती. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत हीच ओळ सगळ्या घटकांचा मजकूर मधे मोकळी जागा सोडून देते. म्हणजे शैलीपत्रकातले अक्षरही न बदलता, केवळ माथ्यावरचा आवृत्तीचा आकडा बदलल्याने, नाटकातल्या सूचनांची संख्या बदलते. लिपिकाराची नजर ओळीवरून घसरते त्याचा हा आधुनिक अवतार. शिवाय ही आज्ञा आतल्या खुणा पुसून निव्वळ अक्षरे देते. त्यामुळे गद्यात कुठे ग्रंथनाम होते, कुठे संस्कृत अवतरण होते, हे सगळे एकसारखे सपाट झाले होते.

त्या तरुणाशी या निमित्ताने झालेला वाद मला अजून आठवतो, कारण तो मुळीच निरुत्तर झाला नाही. त्याचे म्हणणे असे: तुमच्या नियमांच्या रीतीत आज्ञावली वाचून पान कसे दिसेल हे सांगता येत नाही. नियम विखुरलेले असतात, कुठला केव्हा चालेल हे मजकुरावर अवलंबून, आणि एकाच घटकाला दोन नियम लागू पडले तर प्राधान्याचे आकडे मोजत बसायचे. यात तथ्य आहे. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत असे दोन समान प्राधान्याचे नियम जुळले तर ती चूक मानावी, पण चालवणाऱ्या प्रणालीला हवे तर तिने शेवटचा नियम निवडून पुढे जावे, अशी सूट होती. आणि ही सूट अनेकदा कुणाला न सांगता घेतली जाते.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. मूळ पुस्तकात मुद्रणदोष असेल तर आपण दोष आणि दुरुस्ती अशी जोडी नोंदवतो. मूळ छपाईत 'विठ्ठलल' आणि आपल्या मते 'विठ्ठल'. या जोडीसाठी नियम लिहायचा राहिला तर अंगभूत नियम दोन्ही मजकूर पुढे जाऊ देईल आणि वाचकाला 'विठ्ठललविठ्ठल' असे दिसेल. हे संपादन म्हणायचे का?

नाही म्हणायचे. पण ही चूक दिसते. पहिलीच ओळ वाचणारा वाचक थबकेल, पत्र पाठवेल, आणि आपण एक नियम लिहून मोकळे होऊ. गेलेले पद कुणाला थांबवत नाही. चुका दोन्ही रीतींत होणार. ज्या रीतीची चूक स्वतःहून ओरडते ती रीत संपादकाने निवडावी, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रोग्रामरच्या दृष्टीने दोन्ही केवळ दोष आहेत. आपल्या दृष्टीने मात्र जास्तीचा शब्द आणि गळलेला शब्द यांत फार अंतर आहे. जास्तीचा शब्द पुढचा संपादक छाटू शकतो. गळलेला शब्द त्याने आणायचा कुठून?

नियमांच्या रीतीचा एक दोष मात्र त्या तरुणाच्याही लक्षात आला नव्हता, आणि तो माझ्या बाजूविरुद्ध जातो म्हणून सांगायलाच हवा. अंगभूत नियम घटकांच्या आतला मजकूर पुढे नेतो, पण घटकाच्या अंगावर गुणधर्म म्हणून लिहिलेली माहिती आपण होऊन नेत नाही. मूळ पुस्तकातले पान कुठे बदलले हे आपण बहुधा एका रिकाम्या खुणेने दाखवतो आणि पृष्ठांक तिच्या गुणधर्मात लिहितो. तिच्यासाठी नियम नसेल तर सारे पृष्ठांक निःशब्द गळतात, अगदी मागणीच्या रीतीत पद गळले तसेच. पाठभेद कोणत्या प्रतीतला आहे याची नोंदही सामान्यतः गुणधर्मातच असते. तेव्हा नियमांची रीत घेतली म्हणजे निर्धास्त झालो असे नाही.

यावर चांगला तोडगा २०१७ साली प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. अनोळखी घटक भेटला तर काय करायचे हे तिच्यात शैलीपत्रकाच्या माथ्यावर उघडपणे जाहीर करता येते: मजकूर तेवढा पुढे न्यावा, जसाच्या तसा उतरवावा, गाळावा, किंवा तिथेच थांबून त्रुटी दाखवावी. थांबण्यापेक्षा सौम्य हवे असेल तर केवळ इशारा द्यायलाही सांगता येते. साहित्यकृतीची प्रत करणाऱ्याने निदान पहिल्या खेपेस थांबण्याचा पर्याय घ्यावा. मग साध्या मजकुरासाठीसुद्धा एक नियम हाताने लिहावा लागतो, प्रत्येक खुणेपाशी अडखळावे लागते, काम कंटाळवाणे होते. पण शेवटी आपल्याकडे प्रत्येक खुणेविषयी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. संहितेच्या छापील प्रस्तावनेत 'संपादनाची पद्धत' असे जे प्रकरण असते, त्याचेच हे यंत्राला समजणारे रूप.

मागणीची रीत सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र मी म्हणत नाही, आणि नियमांचे काही कट्टर अनुयायी 'फॉर-ईच' दिसला की नाक मुरडतात तेही मला पटत नाही. ज्या मजकुराचा आकार आधीच ठरलेला आहे तिथे मागणीच योग्य. ग्रंथालयाची नोंदवही, गुणपत्रिका, मुखपृष्ठावरचे चार तपशील, अनुक्रमणिका, पदांची सूची या ठिकाणी आपण मजकूर वाचत नसतो, त्यातून काही वेचत असतो. वेचायचे तर मागितलेच पाहिजे.

सूचीचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. पदांच्या पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची करायची तर अक्षरागणिक गट पाडावे लागतात. पहिल्या आवृत्तीत गट पाडण्याची सोयच नव्हती. स्टीव्ह म्यूंख यांनी शोधलेली एक आडवळणाची युक्ती सगळे वापरत असत, आणि ती समजून घेणे हा नवशिक्यांचा दीक्षाविधी असे. दुसऱ्या आवृत्तीत गटांसाठी सरळ आज्ञा आली आणि तो विधी संपला. पण मराठीची खरी अडचण गटांची नाही, क्रमाची आहे. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या दरम्यान बसवला आहे. आपण त्याला 'ह'नंतर मोजतो. 'क्ष' हे युनिकोडच्या लेखी स्वतंत्र अक्षरच नाही, 'क', हलन्त आणि 'ष' यांची जोडणी आहे, म्हणून निव्वळ संकेतांकांनी लावले तर ते 'क'च्या पोटात जाते. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ते शेवटी येते. यांपैकी काय हवे हे संपादकाने ठरवायचे आणि क्रमाचा नियम शैलीपत्रकात स्पष्ट लिहायचा. नाहीतर ते काम त्या त्या संगणकावरची प्रणाली करते, आणि दोन संगणकांवर दोन सूच्या निघू शकतात. असो.

नियमांच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते, आणि ती आपल्या परंपरेला जवळची आहे. नियम सुटे असल्यामुळे दुसऱ्याच्या शैलीपत्रकातला एकच नियम बदलून बाकीचे जसेच्या तसे वापरता येते. टीईआयची सर्वांना खुली असलेली शैलीपत्रके मुख्यतः सबॅस्टियन राट्झ यांनी घडवली. २०१६ साली ते गेले, पण ती शैलीपत्रके इतरांच्या हातून चालू राहिली. एखाद्या अभ्यासकाला त्यातली सगळी व्यवस्था मान्य आहे, फक्त ओवीचा चौथा चरण वेगळ्या रीतीने मांडायचा आहे; तो मूळ शैलीपत्रक आयात करतो, आपला एक नियम वर लिहितो, संपले. मागणीच्या उतरंडीत असे करायचे तर संपूर्ण उतरंड नकलून घेऊन आत कुठेतरी फेरफार करावा लागतो, आणि पुढे मूळ लेखकाने केलेल्या सुधारणा आपल्यापर्यंत येत नाहीत.

याच अंगाने मला सर्वांत आवडणारा नियम म्हणजे ज्याला तादात्म्य-रूपांतर म्हणता येईल तो. 'जे भेटेल ते जसेच्या तसे उतरव' एवढेच तो सांगतो. त्याच्या शेजारी एक अपवाद लिहायचा: फक्त 'सूचना' या खुणेचे नाव बदल, किंवा फक्त दुहेरी मोकळ्या जागा काढ. बाकी काना-मात्रा हलत नाही. आपण ज्याला निष्ठावान लिपिकार म्हणतो तो असाच असतो. मोठे रूपांतर एकदम न करता अशा लहान लहान टप्प्यांत करावे, दर टप्प्याची प्रत ठेवावी, आणि मूळ प्रतीला हात लावू नये. हे मी प्रोग्रामरांकडून शिकलो, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

रूपांतर कुठे करायचे याविषयी थोडक्यात. एके काळी एक्सएमएल तसेच जालावर ठेवून वाचकाच्या न्याहाळकाकडूनच शैलीपत्रक चालवून घेण्याची टूम होती. न्याहाळकांत कायम पहिल्याच आवृत्तीची सोय राहिली, आणि २०२५ मध्ये क्रोमने तीही काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. ज्यांनी आपल्या संहिता त्या भरवशावर ठेवल्या आहेत त्यांनी रूपांतर आपल्याकडेच, मायकेल के यांच्या सॅक्सनसारख्या प्रणालीवर, आधी करून घ्यावे आणि तयार पाने ठेवावीत. मूळ एक्सएमएल वेगळे उतरवून घेता येईल असे शेजारी असू द्यावे, म्हणजे शंका आली तर कुणालाही ताडून पाहता येईल.

आमच्या नाटकाकडे परत यायचे तर, शैलीपत्रक आम्ही नियमांच्या रीतीने पुन्हा लिहिले. त्याच तरुणाने लिहिले, कुरकुरत का होईना. सोबत एक साधी पडताळणी ठेवली: मूळ प्रतीतली पदे, रंगसूचना आणि शब्द मोजायचे, तयार पानावरचेही मोजायचे, आणि आकडे जुळले नाहीत तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय पुढे जायचे नाही. यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही, एम.ए.चा कोणताही विद्यार्थी हे करू शकतो.

पदे परत आली. त्यांच्याबरोबर एक न मागितलेली गोष्टही आली. तिसऱ्या अंकातल्या एका करुण भाषणाच्या मधोमध, 'ही ओळ दुसऱ्या आवृत्तीत नाही, ताडून पाहणे' असे वाक्य पात्राच्या तोंडी झळकू लागले. आमच्यापैकीच कुणीतरी मजकूर टंकताना 'टीप' अशी खूण करून ते लिहिले होते आणि तिघेही विसरलो होतो. जुन्या शैलीपत्रकाने ते इतके दिवस झाकून ठेवले होते. टिपेसाठी नियम लिहिण्याआधी आम्ही ती दुसरी आवृत्ती मिळवली. ओळ खरोखरच तिच्यात नव्हती.